ओपांच्या बंदुकीचा दस्ता

माझ्या सासऱ्यांनी अकरा वर्षांत माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि ती मला धड देता आली नाही.

मागणं झालं ते ऑगस्टमधल्या एका रविवारी, त्यांच्या घरी. आम्ही आमच्या गावाहून, उइटहॉर्नहून, सकाळीच निघालो होतो, कारण त्यांच्याकडे कॉफी साडेदहाला असते आणि साडेदहा म्हणजे साडेदहाच. कॉफी झाली, प्रत्येकी एक बिस्कीट झालं, डबा बंद झाला. मग ते उठून आत गेले, लोखंडी कपाटाचं कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि जुना टॉवेल टेबलावर अंथरून त्यावर त्यांनी त्यांची रायफल ठेवली. नवरा बागेत मुलीबरोबर होता. त्यामुळे बोलणं माझ्याशीच आहे हे उघड होतं.

"तू धाग्यांची डॉक्टर आहेस," ते म्हणाले. "मला हिचा दस्ता बदलायचाय. कुठला घेऊ ते सांग."

आधी हे ओपा प्रकरण सांगते. इथे, डच लोकांत, सून सासऱ्याला सरळ नावाने हाक मारते. मला ते जन्मात जमलं नसतं. पहिली चार वर्षं मी त्यांना कसलीच हाक मारली नाही. त्यांचं लक्ष वेधायचं असलं की मी खोकायची. त्यांना वाटायचं मला इथली हवा मानवत नाही. मग मुलगी झाली, ती त्यांना ओपा म्हणायला लागली, म्हणजे आजोबा, आणि तिच्या आडून मीही ओपा म्हणायला लागले. माझा खोकला बरा झाला म्हणून त्यांना आनंद झाला. अहोजाहो मात्र मी डचमध्येसुद्धा सोडलेलं नाही. "मी काय कचेरीतला साहेब आहे का?" असं ते दर वेळी म्हणतात आणि मी दर वेळी हसते.

आणि धाग्यांची डॉक्टर म्हणजे मी पवनचक्क्यांच्या पात्यांवर काम करते. डेल्फ्टला शिकायला आले आणि इथलीच झाले. काचेचे धागे आणि रेझिन यांची ती पाती वर्षानुवर्षं वारा खाऊन आतून कशी थकतात, हे बघणं माझं काम. आता नव्या पद्धतीचे बंदुकीचे दस्तेही काचेच्या किंवा कार्बनच्या धाग्यांचे असतात. ओपांनी ते कुठेतरी वाचलं आणि त्यांना वाटलं, घरातच माणूस आहे.

दस्ता म्हणजे रायफलचा तो भाग, ज्याचं टोक खांद्याला टेकवतात आणि ज्यावर गाल ठेवून नेम धरतात. नळी, चाप, सगळं यंत्र त्याच्यात बसवलेलं असतं. ओपांचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा होता, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला, पण मागे नुसती कडक रबराची पातळ चकती. आणि रायफल रानडुकरांसाठीची, जाड गोळीची.

"लाथ मारते का?" मी विचारलं. तेवढं मला ऐकून माहीत होतं.

"पूर्वी मारायची नाही," ओपा म्हणाले. "हल्ली मारते."

मी हसले. ते हसले नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. ओपा वेलुवेच्या जंगलाच्या कडेला एका गावात राहतात, आणि त्या तीन वर्षांत त्यांना घराबाहेर काढणारी एकच गोष्ट उरली होती: त्यांच्यासकट पाच मित्रांची शिकारीची टोळी. रानडुकरं फार झाली की शेतं उकरतात, रस्त्यावर गाड्यांसमोर येतात, म्हणून परवाना असलेल्या लोकांना ती कमी करायला देतात. उन्हाळा सरला की हे पाचजण शनिवारी जायचे, आपापल्या मचाणावर तासन् तास गप्प बसायचे, आणि नंतर एकाच्या कोठारात जमून वाटाण्याचं घट्ट सूप प्यायचे. बहुतेक वेळा कुणीच काही मारलेलं नसायचं. ओपा शुक्रवारीच दाढी करून ठेवायचे.

पूर्वी ते सहाजण होते. सहाव्याची नजर कमी झाली आणि त्याने बंदूक सोडली. बाकीचे त्याला म्हणाले, तू ये की, सूप प्यायला ये. तो एक वर्ष आला. लाकडं फोडली, सूप ढवळलं, सगळ्यांचे बूट बाहेर नीट लावले. पुढच्या वर्षी आला नाही. ओपा त्याच्याबद्दल बोलायचे ते गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं. तो दोन गल्ल्या सोडून राहत होता.

ओपांना नुसतं सूप प्यायला जायचं नव्हतं. सगळं एवढ्यावरच अडलं होतं.

आईला मी पिंपरीला फोन केला तेव्हा सहज सांगितलं. ती भडकलीच.

"अगं, बुद्धवंदनेला बसतेस ना दर रविवारी ऑनलाइन? पहिलं शील काय आहे?"

"मी कुणाला मारत नाहीये आई. मी फक्त लाकूड बदलून देतेय."

"लाकूड कशाला आहे पण?"

"आणि आपण मटण खातो त्याचं काय?"

"मटणाचं मला सांगू नकोस," ती म्हणाली. "खांदा दुखतो ना त्यांचा? वय झालंय. मग सांगायचं सरळ, बाबा, पुरे आता. मला बरं सांगता येतं तुला, मीठ कमी खा, जिना चढू नकोस. सासऱ्यापुढे तुझी जीभ का उचलत नाही?"

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मोठा माणूस आहे तो. त्याचं तो बघेल. त्याने तुला दस्ता विचारलाय, खांदा नाही विचारलेला." त्यांच्या घरात असंच चालतं. कुणी कुणाच्या आयुष्यात नाक खुपसत नाही. बुडणाऱ्या माणसालाही हे लोक आधी विचारतील, हात देऊ का?

आई म्हणत होती बोल, नवरा म्हणत होता बोलू नकोस. मी दोन्ही सोडून लॅपटॉपवर एक्सेल शीट उघडली. आमच्या पिढीची ही सवयच आहे. कुणाचं लग्न मोडत असो की कुणाच्या आईला दवाखान्यात ठेवायचं असो, आम्ही शीट उघडतो, रकाने आखतो, त्यांना रंग देतो, आणि आपण काहीतरी करतोय असं वाटून आम्हाला बरं वाटतं.

तीन आठवडे मी शिकाऱ्यांचे ऑनलाइन अड्डे वाचून काढले. जगभरचे पुरुष तिथे दस्त्यांवरून हमरीतुमरीवर येतात. कुणी म्हणतो लाकडाला तोड नाही. दुसरा म्हणतो लाकूड ओलसर हवेत फुगतं आणि नेम हलतो. कारखान्यात साच्यातून काढलेले स्वस्त प्लास्टिकचे दस्ते पोकळ असतात आणि धक्का बसला की पिपासारखे वाजतात. हाताने थर लावून बनवलेले काचधाग्याचे दस्ते उत्तम, पण त्यांना वेळ लागतो. हे सगळं मला समजत होतं, आवडतही होतं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. धक्का फार बसतो म्हणून उपाय विचारणारे शेकडो होते, आणि त्यातल्या एकानेही आपलं वय लिहिलेलं नव्हतं. सगळे लिहायचे, "मला काही त्रास नाही, सहज विचारतोय."

आणि खरी अडचण एका साध्या गोष्टीत होती. बंदूक जितकी जड तितकी लाथ कमी. वजन वाढवा, खांद्याला बरं वाटेल. पण ओपांना आता जड बंदूक उचलून धरवत नव्हती. मचाणावर रायफल गुडघ्यावर असते. डुक्कर दिसलं की ती आवाज न करता वर आणायची आणि स्थिर धरायची. हलका कार्बनचा दस्ता घेतला तर त्यांना तो सहज उचलता आला असता आणि खांद्याचं भुस्कट झालं असतं. जड घेतला तर लाथ सोसवली असती, पण रायफल वर येताना हात थरथरला असता. मी वजनाचे आकडे इकडून तिकडे हलवत राहिले. कुठल्याच ओळीत दोन्ही रकाने हिरवे होत नव्हते.

शेवटी मी मधला मार्ग काढला. मध्यम वजनाचा काचधाग्याचा दस्ता; मागे जाड, मऊ रबराची गादी; गाल टेकायची कड सरळ आणि उंच, म्हणजे धक्का सरळ मागे जाईल, नळी वर उसळून गालावर थप्पड बसणार नाही; आणि दस्त्याच्या पोकळीत शिशाची कांडी घालायची सोय, वजन कमीजास्त करायला. जर्मनीतला एक छोटा कारखाना असे दस्ते मापाने बनवून देत होता. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला ओपा आणि मी त्यांच्या नेहमीच्या बंदूकवाल्याकडे गेलो. साठीचा माणूस, हाताला कायम तेलाचा वास. त्याने माझे कागद शांतपणे वाचले, सगळं बरोबर आहे म्हणाला, आणि मग ओपांकडे बघून म्हणाला, "पण मी तुमच्या जागी असतो तर दस्ता नसता बदलला. लहान गोळीची रायफल घेतली असती."

डच माणसं हे असं तोंडावर बोलतात आणि त्यात त्यांना काही वाटत नाही. ओपाही आयुष्यभर असंच बोलत आलेत. पण त्या दिवशी त्यांचे कान लाल झाले.

"आमच्यात सगळे हीच गोळी वापरतात," ते म्हणाले.

बंदूकवाल्याने खांदे उडवले. "ठीक. मग माप घेऊ या. कोट आणलाय का?"

"माप माझी सून घेईल," ओपा म्हणाले. "तिची पीएचडी आहे यात."

पीएचडी बंदुकीत नाही, पात्यांच्या थकव्यात आहे, हे सांगायला माझं तोंड उघडलंच नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याबद्दल परक्या माणसापुढे छाती फुगवून बोलले होते. मी चढले हरभऱ्याच्या झाडावर. बंदूकवाल्याने मला नीट समजावून सांगितलं: कोपराच्या खोबणीपासून चापाच्या बोटापर्यंतचं अंतर घ्या, पण ते फक्त सुरुवातीला. खरं माप म्हणजे शिकारीचा जाड कोट घालून रिकामी रायफल खांद्याला लावायची, आणि तुम्ही बाजूला उभं राहून त्यांचा खांदा हाताने चाचपायचा. दस्ता खांद्याच्या खळग्यात बसला पाहिजे. बाहेर दंडाकडे सरकला तर लांब आहे. "डोळ्यांना कळत नाही," तो म्हणाला. "हात लावून बघा."

घरी आलो. मी शिवणकामाचा टेप काढला. ओपा हॉलच्या मधोमध उभे राहिले, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, फोटो काढून घ्यायला उभे असावेत तसे ताठ. मी पुढे झाले आणि माझा हात तिथेच थांबला.

आता हे कुणाला समजावून सांगू? रोज ऑफिसात मी पुरुषांशी भांडते. ज्या घरात मी वाढले तिथे पदर, घुंगट, सासऱ्यापुढे भिंतीला टेकून उभं राहणं, असलं काही नव्हतं. आजीच्या पिढीनेच ते झुगारलं होतं. इथे तर लोक भेटल्यावर गालाला गाल लावतात, तीन तीनदा. ओपांशी मात्र माझं वाढदिवसाला हस्तांदोलन व्हायचं, तेवढंच. आणि त्या दिवशी त्यांच्या दंडावर, खांद्यावर, मानेखाली हात फिरवायचा तर माझी बोटं वळेनात. मी टेप नुसता उलगडत आणि गुंडाळत राहिले. ओपांच्या ते लक्षात आलं असावं.

"दे तो टेप," ते म्हणाले. "मी घेतो."

त्यांनी टेपचं टोक बोटाच्या पेरात पकडलं, दुसऱ्या हाताने कोपराशी नेलं, क्षणभर खाली बघितलं आणि म्हणाले, "सदतीस."

मी सदतीस लिहिलं.

"आता कोट घालून रायफल," मी म्हणाले.

"कोट माळ्यावर आहे. आणि बाहेर तीस डिग्री आहे." त्यांनी रायफल घेतली, झटकन खांद्याला लावली आणि तितक्याच झटकन खाली घेतली. "छान बसते."

मी लिहिलं, छान बसते. आकडे दोन वेळा न तपासता मी ऑफिसात एक ओळ पुढे सरकू देत नाही. हाताखालच्या लोकांचं डोकं खाते त्यासाठी. आणि इथे एका माणसाने स्वतःच्या अंगाबद्दल सांगितलेला आकडा मी जसाच्या तसा जर्मनीला पाठवून दिला, कारण तो परत मोजायचा म्हणजे त्यांना हात लावायला लागला असता.

दस्ता आला ऑक्टोबरच्या मध्यावर. गडद हिरवा, खरखरीत, हातात घेतला की दणकट वाटायचा. बंदूकवाल्याने रायफल त्यात बसवून दिली. पुढच्या शनिवारी टोळी जाणार होती, म्हणून त्याआधी गुरुवारी ओपा नेम लावून बघायला गोळीबाराच्या मैदानावर निघाले, आणि मला म्हणाले, तू चल. मी सुट्टी टाकली.

झाडांच्या मधोमध लांबच लांब पट्टा, शेवटी मातीचा बांध, हवेत गारठा. ओपांनी आता तो जाड कोट घातला होता. कानांवर रक्षक चढवले, मलाही दिले. रायफल वर घेतली आणि दस्त्याचं टोक कोटाच्या बाहीत अडकलं. त्यांनी मान पुढे काढून, कोपर वाकवून ते कसंबसं आत ओढलं. पण ते खळग्यात गेलं नाही. बाहेरच, दंडाच्या हाडावर राहिलं. मी तीन हातांवर उभी होते. मला ते दिसलं, अगदी स्पष्ट.

मी हाक मारली असती तर कानांवर रक्षक असल्यामुळे त्यांना ऐकू आलं नसतं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. पण मला चार पावलं टाकून त्यांच्या पाठीवर हात ठेवता आला असता.

गोळी सुटली. ओपांचं अख्खं शरीर उजवीकडून मागे वळलं. ते तसेच उभे राहिले, मग बोल्ट ओढून दुसरी गोळी घातली. दुसऱ्या वेळी त्यांच्या तोंडून काहीतरी आवाज आला. तिसऱ्या वेळी त्यांनी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले होते, हे मी बघितलं.

मग त्यांनी रायफल डाव्या हाताने खाली ठेवली.

"प्रीमा," ते म्हणाले. म्हणजे एकदम झकास. "तू हुशार आहेस."

गाडी मी चालवली, ते स्वतःहून पलीकडच्या बाजूला जाऊन बसले होते. पट्टा लावायला त्यांनी हात मागे नेला आणि तो गेलाच नाही. काचेतून बाहेर बघत ते म्हणाले, "जरा तो पट्टा दे." मी पट्टा ओढून लावून दिला. रस्त्यात त्यांनी एकदा हवेबद्दल काहीतरी सांगितलं आणि मी हो म्हणाले.

शनिवारी ते जाऊ शकले नाहीत. सोमवारी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे गावातल्या डॉक्टरकडे. तिथून हॉस्पिटल, तिथून स्कॅन. खांद्याचा स्नायुबंध तुटला होता. गावातली डॉक्टर बाई फार चांगली होती. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की हे एका दिवसात झालेलं नाही. तो गेली कित्येक वर्षं एकेका धाग्याने झिजत होता. उन्हाळ्यात ते तिच्याकडे आले होते तेव्हाच तिने त्यांना सांगितलं होतं की बंदूक बंद करा. "पिशवी उचलतानाही तुटला असता," ती म्हणाली.

उन्हाळ्यात. म्हणजे माझ्याकडे दस्ता मागायच्या आधी.

मला राग आला, खोटं कशाला सांगू? भयंकर राग आला. आणि रागाचा काही उपयोग नव्हता. कारण हे धाग्याधाग्याने तुटणं माझ्यापेक्षा दुसऱ्या कुणाला जास्त कळतं? पातं मोडलं की कंपनीचे लोक मला विचारतात, कालच्या वादळाने मोडलं ना? आणि मी त्यांना चित्रं दाखवून समजावते की नाही, आतले धागे पंधरा वर्षं तुटत होते, वरून काही दिसत नव्हतं, शेवटच्या वाऱ्यावर खापर फोडू नका. दर वर्षी मी हे भाषण करते. पण शेवटचा वारा जेव्हा आपणच निवडून, मापाने बनवून, जर्मनीहून मागवलेला असतो, तेव्हा त्या भाषणाने काही होत नाही. मी रात्री जेवायची आणि सकाळी ऑफिसात जायची, आणि मध्येच कधीतरी माझ्या डोळ्यांपुढे तो दस्ता कोटाच्या बाहीत अडकायचा.

ऑपरेशनचं त्यांना विचारलं गेलं. या वयात फार फरक पडेल असं नाही, असंही सांगितलं गेलं. त्यांनी नको म्हटलं. नवरा म्हणाला, त्यांचा निर्णय आहे. आईला मी फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, मी सांगितलं नव्हतं? ती म्हणाली, "जेवतात का ते नीट?" त्यावर मला रडू फुटलं.

हात झोळीत असताना ओपांनी एक काम केलं. बंदूकवाल्याला बोलावून दस्ता कापून घेतला. अडीच सेंटिमीटर. बंदूकवाल्याने या वेळी माप स्वतः घेतलं, कोटावरून, त्यांचा डावा हात वापरून आणि उजवा खांदा चाचपून. मी तिथे होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. कापून झाल्यावर गादी परत बसवली. "वसंतात बघू," ओपा म्हणाले. बंदूकवाल्याने मान हलवली. मीही हलवली.

हिवाळाभर मित्र येत राहिले. सूप घेऊन यायचे, भांड्यात. ओपा ते दारातच घ्यायचे, आभार मानायचे, आणि आम्ही गेलो की संध्याकाळी मुलीला आणि मला वाढायचे. स्वतः पाव खायचे.

परवाना दर वर्षी नव्याने काढावा लागतो. त्या वर्षी मार्च आला तरी ओपांनी अर्ज भरला नाही. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. एक दिवस बंदूकवाल्याचा फोन आला की रायफलला गिऱ्हाईक मिळालंय, तरुण माणूस आहे, पण त्याला ती मूळच्या अक्रोडाच्या दस्त्यात हवीय. ओपा म्हणाले, दे. मी तेव्हा त्यांच्याकडेच होते. दोन दिवसांनी बंदूकवाला रायफल घेऊन गेला, आणि आठवड्याभराने, मी परत तिथे गेले होते तेव्हा, हिरवा दस्ता एका कापडी पिशवीत घालून परत घेऊन आला.

"हा तुमच्याकडेच राहू दे," तो म्हणाला. "नुसत्या दस्त्याला परवाना लागत नाही. आणि तुमच्या मापाचा कापलाय, दुसऱ्या कुणाला बसणार नाही."

तो गेल्यावर ओपांनी पिशवीतून दस्ता काढला. वर नळी नाही, चाप नाही, नुसता पोकळ हिरवा सांगाडा. त्यांनी तो डाव्या हाताने उचलून उजव्या खांद्याला लावला. उजवा हात छातीपर्यंतच येत होता, तो त्यांनी तसाच खालून टेकवला. गाल कडेवर ठेवला आणि खिडकीतून बाहेर, शेजाऱ्याच्या सायकलीकडे नेम धरला. दस्ता खळग्यात बरोबर बसला होता. मला आता डोळ्यांनीही कळत होतं.

मी इतके महिने पोटात ठेवलेलं बोलून टाकलं. "ओपा, माप मी घ्यायला हवं होतं. माझी चूक झाली. मी तुम्हाला हात लावायला लाजले."

त्यांनी गाल न उचलताच उत्तर दिलं.

"मला माहीत आहे. म्हणून तर मी तुला विचारलं. त्या बंदूकवाल्याने हात लावला असता आणि खांदा गेलाय हे त्याला कळलं असतं. मुलाला विचारलं असतं तर त्याने मला डॉक्टरचा फोन नंबर दिला असता." मग त्यांनी गाल कडेवर नीट टेकवला. "टेपवर मी बघितलंच नाही. सदतीस हे माझं तिशीतलं माप आहे."

मी खुर्चीवर बसले. ओपा खिडकीपाशी तसेच उभे होते, दस्ता खांद्याला लावून, अगदी स्थिर, आणि मी त्यांना तो खाली ठेवा असं म्हणू शकले नाही.